भावजींचं निष्कलंक विमान

माझे धाकटे दीर खोटं बोलत नाहीत, ते गप्प बसतात. खोटं बोलणारा माणूस परवडला, निदान त्याला पकडता तरी येतं. भावजींना सरळ प्रश्न विचारला की ते चष्मा काढतात, शर्टाच्या टोकानं पुसतात, उजेडात धरून बघतात, परत पुसतात. तोवर विचारणाऱ्याला दुसरं काम आठवतं. असा त्यांनी जवळजवळ सगळा जन्म काढला.

घर दोन मजली आहे. वर मी एकटी. खाली भावजी, त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती एका जागी बसत नसे म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. आता तिशी उलटली, विमान चालवते, तरी भिंगरीच. यांच्या घरात काय चाललंय ते मला जिन्यावरूनच कळतं. जाऊ भांडी आपटायला लागली की समजावं, भावजींनी पुन्हा काहीतरी सांगितलेलं नाही.

भावजी विमानाचे मेकॅनिक आणि वैमानिकही. गावाबाहेर गवताची धावपट्टी आहे, तिच्या टोकाला पत्र्याचं हँगर, आणि त्यात त्यांचं विमान. विमान म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं, तसलं हे नव्हे. एक इंजिन, पुढे पंखा, डोक्यावर आडवे पंख, सहा खुर्च्या. चार खुर्च्या काढल्या की मागे काहीही भरा. टपालाच्या थैल्या, बियाण्याची पोती, शिवणयंत्रं, एकदा तर वासरू. आमचे हे त्याला ‘विमानांतला टेम्पो’ म्हणायचे. ह्यांनी तसं म्हटलं की भावजी जेवायचे नाहीत.

या टेम्पोचं मुख्य काम म्हणजे दर गुरुवारी डॉक्टरांना डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नेणं आणि आणणं. रस्त्यानं गेलं तर जाण्यातच दिवस मोडतो, आणि पोचल्यावर डॉक्टरच पेशंटसारखे दिसतात.

विमान घेतलं तेव्हा भिंगरी पाळण्यात होती. जावेनं तेव्हाच बजावलं होतं, “पडलेलं, आपटलेलं, कुणाच्या जिवावर उठलेलं विमान मला नको. मुलगी देताना स्थळाची चौकशी करतात तशी चौकशी करा.” भावजी बघून आले. जावेनं विचारलं, “काही डाग?” भावजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “चांगलं आहे.” झालं. त्या दोन शब्दांवर जावेनं पुढचं सगळं स्वतःच रचलं. कुणी पाहुणं आलं की ही सांगायची, “आमचं विमान म्हणजे कोरं करकरीत. एक ओरखडा नाही.” भावजी शेजारी बसून चहा प्यायचे. भिंगरी विमान उडवायला शिकायला निघाली तेव्हाही आईनं होकार दिला तो याच भरवशावर.

मग भावजींचे डोळे गेले. म्हणजे दिसतं, पेपर वाचतात, माझ्या घरी येऊन कॅलेंडर सरळ करून जातात. पण वैमानिकाला लागतं तेवढं दिसत नाही. तपासणीत नापास झाले. तेही त्यांनी सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी डबा घेऊन निघायच्या ऐवजी ते पडवीत खुर्ची टाकून बसले, तेव्हा कळलं.

तेव्हा भिंगरी दूरच्या शहरात एका कंपनीसाठी पार्सलं उडवत होती. ती नोकरी सोडून घरी आली. ठरलं असं, की विमान तिच्या नावावर करायचं आणि डॉक्टरांना तिनं न्यायचं. डॉक्टरांच्या हॉस्पिटलच्या लोकांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत कागद झाले तर ठीक, नाहीतर आम्ही दुसऱ्या कंपनीशी बोलतो. तसं झालं असतं तर भिंगरी पुन्हा पार्सलांकडे आणि विमान कोंबड्यांना बसायला. सगळं त्या नोंदणीवर आलं होतं.

नोंदणीचं मला भिंगरीनं समजावून सांगितलं. विमानाच्या अंगावर मोठी अक्षरं रंगवलेली असतात ती गाडीच्या नंबरासारखी. मालक बदलला, देश बदलला की तीही बदलतात. खरी ओळख म्हणजे दाराच्या चौकटीजवळ रिव्हेटनी ठोकलेली हाताएवढी पत्र्याची पाटी. तिच्यावर कारखान्यानं विमानाचा क्रमांक कोरलेला असतो, तो जन्मभर तोच. मालक बदलताना सरकारी तपासनीस येऊन पाटीवरचा क्रमांक दप्तरातल्या क्रमांकाशी ताडून बघतो. “पाच मिनिटांचं काम आहे काकू,” भिंगरी म्हणाली.

तपासनीस बाई होती. केस कापलेले, खिशात टॉर्च, बोलणं मोजकं. त्या दिवशी आम्ही सगळेच हँगरमध्ये होतो. जाऊ थर्मास घेऊन आली होती, मी कप घेऊन. बाईंनी दार उघडलं, वाकल्या, टॉर्च लावला. टॉर्च डावीकडून धरला, उजवीकडून धरला. मग बोटानं पाटी चाचपली.

“ही पाटी कोरी आहे,” त्या म्हणाल्या.

“चकचकीत आहे,” भावजी म्हणाले.

“चकचकीत आहेच. पण क्रमांक कुठे आहे?”

मी वाकून बघितलं. पाटीत माझा चेहरा दिसला, केसांच्या पिनांसकट. क्रमांक नव्हता.

या घराण्यात हा रोगच आहे. सासूबाईंनी दोन्ही मुलांना लहानपणी पितळ घासायला बसवलं आणि ती दोघं उठलीच नाहीत. आमच्या ह्यांनी घराच्या दारावरची आमच्या आडनावाची पाटी अशी घासली होती, की पोस्टमन शेजारी चौकशी करायचा. पण ते निदान घराचं दार होतं. भावजींनी दर शनिवारी पॉलिशची डबी आणि फडकं घेऊन, इतकी वर्षं, विमानाचा जन्मदाखला घासून घासून पुसून टाकला होता. अति तिथं माती म्हणतात, इथं मातीसुद्धा उरली नव्हती.

“बाबा!” भिंगरी म्हणाली. “दर आठवड्याला घासताना एकदाही लक्षात आलं नाही?”

“पुसट व्हायला लागला होता,” भावजी म्हणाले. “म्हटलं मळ बसलाय. म्हणून जरा जोर लावला.”

तपासनीस बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी सांगितलं, की क्रमांक नसलेलं विमान म्हणजे कुणाचंही नाही. हे दप्तरातलंच विमान कशावरून? चोरीचं नाही कशावरून? दोन मोडक्या विमानांचं एक केलेलं नाही कशावरून? अक्षरं तर कुणीही रंगवेल. ओळख पटली नाही तर आहे ती नोंदणीही रद्द होईल.

“अहो, गावातल्या कुणालाही विचारा की!” जाऊ म्हणाली. “सगळे ओळखतात याला.”

“लोक ओळखतात, पण मला कागदावर ओळख पटवावी लागते,” बाई म्हणाल्या. मग भावजींकडे वळल्या. “एक मार्ग आहे. या विमानाला कधी अपघात झालाय का? मोठी दुरुस्ती? अपघात झाला असेल तर त्याची फाईल असते, दुरुस्तीचे फोटो असतात, कुठे जोड दिला, किती रिव्हेट मारले, सगळं. तो जोड या विमानात सापडला तर ओळख पटते. बोटाचा ठसा पटावा तशी.”

भावजींनी चष्मा काढला.

“कसला अपघात?” जावेनंच उत्तर दिलं. “कोरं करकरीत आहे. एक ओरखडा नाही.”

भावजींनी चष्मा पुसला, उजेडात धरला, परत पुसला. आम्ही घरची माणसं एव्हाना दुसरीकडे बघायला लागलो असतो. पण ही बाई थांबली. टॉर्च बंद करून, हाताची घडी घालून, नुसती थांबली. भावजींना आयुष्यात कुणी असं थांबून विचारलं नव्हतं. काच पुसून पुसून आता तीही जाते की काय, असं मला वाटायला लागलं.

“काही नसेल तर मी तसं लिहिते,” शेवटी बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

“हे एकदा उलटं झालं होतं,” भावजी म्हणाले.

जाऊ थर्मासचं झाकण लावत होती, ते तिनं तसंच हातात धरलं. “काय झालं होतं?”

“उलटं. पाठीवर. आपण घ्यायच्या आधी. आधीचा मालक ओल्या गवतावर उतरला, जोरात ब्रेक मारला. नाक जमिनीत रुतलं आणि हळूच पालथं पडलं. झुरळ पडतं ना, तसं.” आणि मग, हे फार चांगलं झालं अशा सुरात, “कुणाला खरचटलंही नाही. ते लोक पट्ट्यांना उलटे लटकले होते, एकेकाला खाली काढलं. शेपटाचा चुराडा झाला होता. आत जोड दिलाय.”

“तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे?”

“घेतानाच.”

“आणि मी विचारलं तेव्हा?”

“मी चांगलं आहे म्हणालो. चांगलंच आहे.”

जाऊ माझ्याकडे वळली. “ऐकलंत ना जाऊबाई? मी जगभर सांगत सुटले एक ओरखडा नाही, आणि हा माणूस शेजारी बसून चहा पीत होता! माझ्या पोटची पोर त्यात बसत होती!” आणि थर्मास माझ्या हातात कोंबून ती पायी घरी निघाली. घर चांगलं लांब आहे. भिंगरी स्कूटर घेऊन मागे गेली, पण ही बसायला तयार नाही. दोघी तशाच, एक चालत आणि एक रांगत्या स्कूटरवर, घरापर्यंत.

तपासनीस बाई मात्र खूश झाल्या. कोट काढला आणि टॉर्च तोंडात धरून विमानाच्या शेपटाच्या पोकळीत सरपटत शिरल्या. आतून आवाज आला, “आहे! आहे जोड!” मग जरा वेळानं, “इथंही पॉलिश केलंय का हो कुणी?”

भावजी चष्मा पुसत होते.

अपघात झाला तेव्हा विमान परदेशात होतं, त्यामुळे फाईल तिथल्या कचेरीतून यायची होती. महिनाअखेर उलटली. हॉस्पिटलवाल्यांनी डॉक्टरांच्या भिडेखातर थोडी सवड दिली. डॉक्टर एकदा रस्त्यानं जाऊन आले आणि कंबर धरून बसले. खाली आमच्याकडे जाऊ नवऱ्याशी बोलत नव्हती. म्हणजे माझ्यामार्फत बोलत होती. “जाऊबाई, त्यांना विचारा, जेवायला किती वाजता?” ते समोरच बसलेले. मी सांगायची, “भावजी, किती वाजता?” ते म्हणायचे, “वहिनी, तिला सांगा, केव्हाही.” मी शाळेत नन्सच्या हाताखाली शिकले, जेवताना मौन पाळायची मला सवय आहे. पण दुसऱ्यांच्या मौनाची हमाली करायची सवय नव्हती. त्या दिवसांतल्या माझ्या डायरीत बरेचदा नुसतं ‘कमाल आहे’ एवढंच लिहिलंय.

शेवटी फाईल आली. फोटोत आमचं विमान पाय वर करून पडलेलं, आणि दुरुस्तीनंतरचा तो जोड, रिव्हेटच्या ओळींसकट. एका ओळीत कारागिरानं एक रिव्हेट वाकडा मारला होता तोही तसाच सापडला. ओळख पटली. भिंगरीच्या नावानं नोंदणी झाली, आणि सरकारी परवानगीनं नवी पाटी ठोकली. मला वाटलं, सुटलो.

पण आता मालकीण भिंगरी होती. तिनं जाहीर केलं, “शेपूट उघडून दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय मी डॉक्टरांना बसवणार नाही.”

भावजी ताडकन उठले. मी त्यांना ताडकन उठताना त्यापूर्वी बघितलेलं नव्हतं. “दुसऱ्या कुणी? मी मेलोय का? तो जोड मी दर वर्षी उघडून बघतो! एक वर्ष चुकवलं नाही!”

“केव्हा बघता? मी कितीदा तुमच्याबरोबर तपासणी केली, शेपूट कधी उघडलेलं बघितलं नाही.”

“आई मावशीकडे राहायला जाते तेव्हा.”

“आणि नोंदवहीत कुठं लिहिलंय?”

यावर चष्मा निघाला. लिहिलं असतं तर कधीतरी कुणीतरी वाचलं असतं. म्हणजे या माणसानं विमानाची योग्य ती काळजी घेतली, दर वर्षी घेतली, आणि घेतली चोरासारखी! बायको गावाला गेली की लोक पत्ते खेळतात. हे विमानाच्या शेपटात शिरून रिव्हेट मोजत बसायचे.

“तुझा माझ्यावर विश्वास नाही,” भावजी म्हणाले.

“तुमच्या हातावर आहे बाबा. तुमच्या तोंडावर नाही.”

जाऊ स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला. मग तिनं बाहेर न येता, माझ्यामार्फत न बोलता, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थेट सांगितलं, “अहो, ती बरोबर बोलतेय. बघू दे दुसऱ्याला.”

नदीपलीकडच्या विमानतळावरचा मेकॅनिक आला. जाड, घामेजलेला, बोलका. पोकळीत शिरताना अडकला तेव्हा आम्ही पाय धरून ढकलला. शेपूट उघडलं, जोड तपासला, कसलंसं औषध फवारून तडे शोधले. तडा नव्हता. बाहेर आला आणि कपाळ पुसत भावजींना म्हणाला, “जोड शंभर नंबरी आहे. पण काका, आत आरसा केलाय तुम्ही! पत्र्यावर गंज धरू नये म्हणून वर पातळ थर असतो, तो तुम्ही घासून उडवायला निघालाय. आणखी दोन-चार वर्षं घासलं असतं तर विमान जोडानं नाही, तुमच्या फडक्यानं पाडलं असतं.” त्यानं तिथं गंजरोधक रंग दिला, आणि नोंदवहीत सगळं लिहिलं. भिंगरीनं सही केली.

जाऊ त्या दिवसापासून भावजींशी रीतसर बोलायला लागली. पहिलंच वाक्य, “अजून काय काय सांगायचं राहिलंय? एकदाच सांगून टाका. पुन्हा मला हँगरात कळायला नको.”

हे तिनं बोलायला नको होतं.

भावजींनी ते आज्ञेसारखं घेतलं. सकाळी दूध घ्यायला गेले तर दूधवाल्याला सांगितलं, माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, लग्नाआधीपासून. जावेला सांगितलं, तुझ्या भावानं दिलेलं घड्याळ हरवलं नव्हतं, मी उघडलं आणि परत जुळलं नाही. मला वर येऊन सांगितलं, “वहिनी, तुमच्या लग्नात तुमच्या मामांच्या टोपीवर बसलो होतो तो मीच.” माझे मामा जाऊन किती वर्षं झाली! मी म्हटलं, “भावजी, पुरे.” ते म्हणाले, “नाही, एकदा सांगायचं ठरलंय.” जन्मभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस असा सुटला, की भीक नको पण कुत्रा आवर. आम्ही जिन्यात एकमेकींना ऐकवायचो, “आज काय?” “पाहुण्यांच्या खोलीतली भिंत.” “काय झालं भिंतीला?” “विचारू नका.”

भिंगरीच्या पहिल्या फेरीचा दिवस उजाडला. वारा नव्हता, वर स्वच्छ होतं. डॉक्टर आपली पेटी घेऊन आले, शेजारच्या खुर्चीत बसले, पट्टा बांधला. भिंगरी विमानाभोवती फिरून एकेक जागा हात लावून तपासत होती. आणि भावजी डॉक्टरांच्या दारापाशी उभे.

“डॉक्टर, तुम्हाला सांगितलेलं बरं,” ते म्हणाले. “हे विमान एकदा पालथं पडलं होतं.”

“अं?” डॉक्टर म्हणाले.

“पाठीवर. शेपटाचा चुराडा. तुम्ही इतकी वर्षं बसताय, पण मी बोललो नव्हतो. आत जोड आहे, दाखवू का? फोटो पण आहेत.” आणि खरोखरच त्यांनी खिशातून फोटो काढला. आमच्या विमानाचे पाय वर. “हे बघा, तुम्ही बसलाय ती खुर्ची ही. यातला माणूस उलटा लटकला होता.”

डॉक्टरांचा रंग उतरला. दुसऱ्यांना सुया टोचणारा माणूस, पण पट्ट्याच्या कडीकडे हात गेला तो मी बघितला. “म्हणजे मी... आज जरा... रस्त्यानं गेलो तर...”

भिंगरी पंखाखालून वाकून बघत होती. तिचा चेहरा मला दिसला. एवढं सगळं झालं, पाटी, फाईल, शेपूट, मेकॅनिक, आणि आता आपल्याच बापाच्या खरेपणापायी पहिला प्रवासी उतरून चालला!

मी म्हणणार होते काहीतरी. पण जाऊ माझ्या आधी पुढे झाली. नवऱ्याच्या हातातला फोटो तिनं ओढून घेतला आणि पदराखाली धरला.

“डॉक्टर, बसा,” ती म्हणाली. “पडलं होतं, खरं आहे. दुरुस्त केलंय, तेही खरं आहे. माझ्यासमोर उघडून बघितलंय, त्या जाड्या मेकॅनिकच्या तंगड्या मी स्वतः ढकलल्यात. शेजारी बसणार आहे ती माझी एकुलती एक मुलगी आहे. मी तिला उतर म्हणतेय का?”

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, भिंगरीकडे बघितलं, आणि कडीवरचा हात काढला.

“अहो, बाजूला व्हा,” जाऊ भावजींना म्हणाली.

“पण त्या डाव्या चाकाचंही एकदा...”

“घरी सांगा. मला सांगा. सगळं सांगा. आधी बाजूला व्हा!”

पंखा फिरला, गवत आडवं झालं, माझ्या डोळ्यांत धूळ गेली. विमान हलत-डुलत धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धावलं आणि उठलं. भावजी त्याकडे बघत होते आणि जावेला चाकाचं सांगत होते, पहिल्यापासून, सावकाश. ती वर बघत होती आणि हूं हूं म्हणत होती. विमान डोंगरामागे गेलं तरी चाक संपलं नव्हतं.